कोंडवाडीचा बांध आणि आमचा रेडा

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज शहापूर-मुरबाड जीप मंडळाने इतिहास घडवला, आणि त्यानंतर दोनच तासांत वनखात्याने आमचा पंचनामा केला. दोन्ही वेळेला अध्यक्ष मीच.

आधी इतिहास. कोंडवाडीच्या खालचा ओहळ आजवर आमच्यातल्या एकालाही गाडीने ओलांडता आला नव्हता, कारण मधोमध कुणीतरी गुडघाभर उंच दगडांची रांग रचून ठेवलेली. फटींत चिखल आणि पाला ठासून भरलेला. गुराख्यांचे उद्योग, दुसरं काय! मी उतरलो. दगडांमागे पाणी साठलं होतं, नितळ आणि गार. रेड्याचा रेडिएटर कायमचा गळका, म्हणून आधी दोन कॅन भरून घेतले. मग पहार घेतली आणि मधले दगड उपटून दोन्ही काठांना असे काही बसवले की धम्मपाल म्हणाला, "दादा, तू गॅरेज बंद कर, रस्ते बांध." धम्मपाल माझा चुलतभाऊ आणि मंडळाचा सचिव, सहसा कुणाचं कौतुक करत नाही. पाणी भसाभस निघून गेलं आणि अकराच्या अकरा गाड्या पार. सगळ्यात पुढे रेडा.

(रेडा म्हणजे माझी अठ्ठ्याऐंशी सालची जीप. चिखल दिसला की बसते आणि उठवायला चार माणसं लागतात, म्हणून बायकोने, पल्लवीने ठेवलेलं नाव.)

परतताना वाटेत वनरक्षक महिपत आडवा उभा. त्याच्यामागे नव्या रेंजर, योगिनी मॅडम. वय जेमतेम तीस. जंगल तुमच्या बापाचं आहे का, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण बघितलं तसंच.

"परवानगी?"

"मॅडम, आमी शहापूरचेच."

"मग तर आमचं ऑफिस माहीतच असेल. उद्या या."

घरी येऊन पल्लवीला सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे घरीही शिकवते. म्हणाली, "इतिहास घडवलास ना? मग लिहून ठेव." विमा एजंटने दिलेली डायरी पुढ्यात टाकली. लिहिलं. झालं समाधान?

१३ जानेवारी, सोमवार

भांडायला गेलो होतो. आलो ते हातात काम घेऊन.

मॅडमनी चहा दिला आणि सरळ विचारलं, "माझ्याकडे सहा गार्ड आहेत आणि एक गाडी, तीही बंद. फेब्रुवारीपासून वणवे सुरू होतील. तुमच्याकडे किती गाड्या आहेत?"

"अकरा. चालू." हे मी जरा छाती काढूनच म्हणालो.

ठरलं ते असं. एप्रिलअखेरपर्यंत मंडळाने खात्याबरोबर काम करायचं. आखून दिलेली वाट सोडायची नाही. एक मेला कोंडवाडीत ग्रामसभा आहे. वाडीने होय म्हटलं तर महिन्यातून दोन रविवार ती चौदा किलोमीटरची जंगलवाट आमच्यासाठी खुली, रीतसर, खात्याच्या सही-शिक्क्याने. आमच्या भागात आजवर एकाही क्लबला मिळालेली नाही. वाडी नाही म्हणाली तर वाटेवर लोखंडी आडबार कायमचा, आणि कालचा पंचनामा वरच्या ऑफिसला.

अकरा जणांचा जीव त्या वाटेत अडकलाय. माझा जरा जास्तच, कारण तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठीवर झोपून झाल्यावर स्वतःच्या गाडीत वर बसायला मिळतं ते फक्त रविवारी.

मॅडमनी एक नोंदवहीही दिली. "प्रत्येक फेरीचं लिहायचं. कालच्या बारा तारखेपासून."

"बारा तारखेचं काय लिहू?"

"काय केलंत ते."

आता पंचनामा त्यांनीच केला, आणखी काय लिहायचं? खात्याच्या वहीत बारा जानेवारीपुढे लिहिलं, 'निरंक'. सरकारी शब्द आहे, त्यांना आवडेल.

२ फेब्रुवारी, रविवार

पाठ मोडली. जाळरेषा काढतोय. म्हणजे डोंगराच्या अंगाने पंधरा-वीस फूट रुंदीचा पट्टा असा झाडून काढायचा की त्यावर वाळकं पान राहता कामा नये. वणवा तिथपर्यंत येतो आणि पुढे खायला काही नाही म्हणून मरतो. मंडळातले दोघे कुरकुरले, "आपला जीप क्लब आहे का झाडू क्लब?" मी म्हटलं, ज्याला झाडू जड होतोय त्याने किल्ली ठेवावी आणि बसने घरी जावं. कुणी गेलं नाही. पाच वाजेपर्यंत दोन किलोमीटर पट्टा लख्ख. वरून बघितला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं.

कोंडवाडीच्या बायका पण कामाला होत्या. त्यांची पुढारी धोंडाबाई, वाडीच्या वनसमितीची अध्यक्ष. साठी उलटलेली, हातभर उंची, कमरेला कोयता. जेवायच्या सुट्टीत तिने रेड्याभोवती पूर्ण एक फेरी मारली. मागच्या डाव्या चाकापाशी तर खाली बसून बोट फिरवलं.

"ह्योच का तुमचा रेडा?"

"ह्योच. आवडला काय मावशी?"

"टायर झिजलाय," एवढंच म्हणाली.

बघा! म्हाताऱ्या बाईलाही गाडीत रस असतो. मी तिला फोर-व्हील म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं बिचारीने.

१६ फेब्रुवारी, रविवार

जाळरेषा पूर्ण. मॅडम फार बोलत नाहीत, पण आज म्हणाल्या, "खात्याला महिना लागला असता." खात्याच्या वहीत हे वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि त्यांच्यापुढे सहीला धरलं. सही केली, पण आधी पहिलं पान उघडून बघितलं. 'निरंक' वाचलं. वही मिटून परत दिली.

९ मार्च, रविवार

वणवा!

अकराला महिपतचा फोन. "दादा, वरच्या टेपाडावर धूर दिसतोय, या!" पस्तिसाव्या मिनिटाला आम्ही पायथ्याशी. नऊ गाड्या, एकवीस माणसं, पाठीवरचे पंप. रेडा उकळला, त्याला पाणी पाजलं, परत हाणला. वर जाऊन हिरव्या फांद्यांनी आग झोडपायची, दुसरा काही मंत्र नाही. धुराने डोळे गेले. धम्मपालच्या भुवया जळाल्या, आता त्याला बघून हसू येतं. एका बाजूने आग जाळरेषेपर्यंत आली, आपण झाडलेल्या पट्ट्यापर्यंत, आणि थांबली. उभ्या उभ्या विझली. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण मॅडम हसल्या, तोंडाला सगळी काजळी.

उतारावरची मोहाची झाडं वाचली. वाडीच्या बायका महिन्याभरात तिथेच मोहफुलं वेचतील.

आज लिहितो आणि खरं लिहितो: लग्नानंतर इतका अभिमान मला कशाचा वाटला नव्हता. पल्लवी म्हणते, मुलीच्या जन्माचं काय? बरं, मुलीच्या जन्मानंतर.

२० मार्च, गुरुवार

आज पाण्याच्या सत्याग्रहाचा दिवस, आमच्या घरात साधा नसतो. संध्याकाळी आईने मेणबत्ती लावली आणि दरवर्षीप्रमाणे आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा सापगावच्या पुढच्या एका गावात मजुरीला जायचे, तेव्हा त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे, आणि तेही कुणाला दया आली तर. आजोबा म्हणायचे, भूक विसरता येते, ती ओंजळ विसरता येत नाही.

आणि नेमकं आजच सकाळी महिपत सांगून गेला, कोंडवाडीचं पाणी संपलं. ओहळातल्या वाळूत बायका खड्डा खणतात, डवरा म्हणतात त्याला, त्यात झिरपून येतं ते वाटीवाटीने भरायचं. तो डवरा यंदा मार्चातच कोरडा. बायका दीड कोस चालतायत.

मी लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: उद्यापासून पाळीपाळीने दोन गाड्या, प्रत्येकी दोन पिंप, गॅरेजच्या बोअरचं पाणी. कल्पना माझी! दहा मिनिटांत अकराचे अकरा अंगठे वर.

२१ मार्च, शुक्रवार

पहिली खेप मीच नेली. बायकांनी हंडे लावले. कुणीतरी 'पानीवाले दादा' म्हणालं, ते गोड लागलं. फक्त धोंडाबाई हंडा घेऊन मागेच उभी. मी विचारलं, "यंदा ऊन फार ना मावशी?"

"उनाचं काय नाय. आमी दरसाल दिवाळी झाली का बांध घालतो ओहळाला. गावकीचा बांध, घरटी एक मानूस. मंग डवऱ्याला मेपावतर पानी ऱ्हातं. यंदा कोनीतरी फोडला."

माझं डोकंच फिरलं. सुट्टीच्या दिवशी ते मुंबईवाले येतात ना, चकचकीत गाड्या घेऊन, गाणी लावून, त्यांचीच करणी. दुसऱ्याच्या तोंडचं पाणी काढायला काही वाटतं की नाही या लोकांना? मी तिथेच शब्द दिला, "मावशी, तो कोण ते मी शोधून काढतो."

"शोध," ती म्हणाली. "गावला का मला सांग."

६ एप्रिल, रविवार

ओहळाच्या अलीकडे मंडळातर्फे पाटी लावली: 'पाण्यात गाडी घालू नका. कोंडवाडीचं पाणी आहे.' अक्षर पल्लवीचं, रंग माझा. मॅडमनी विचारलं, "सापडला का तो?" म्हटलं, अजून नाही, पण सोडणार नाही. "शोधा," म्हणाल्या. जो तो एकच शब्द बोलतोय.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे रेडा! निळे झेंडे, फुलं, बोनेटवर प्रतिमा. संध्याकाळी व्यासपीठावर मला चार शब्द बोलायला उठवलं. वणव्यावर बोललो, मग पाण्यावर बोललो. आजोबांची ओंजळ सांगितली, कोंडवाडीची पिंपं सांगितली, आणि म्हणालो, "ज्याने कुणी तो बांध फोडला, त्याला पाण्याची किंमत कुणी शिकवलीच नाही!" टाळ्या थांबेनात. आई पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत होती.

१६ एप्रिल, बुधवार

ग्रामसभेसाठी मंडळाच्या कामाचा अहवाल करायचा म्हणून दुपारी गॅरेजमध्ये ही डायरी उघडली. तारखा बघायला. पहिल्या पानापासून.

वाचलं.

'मधले दगड उपटून.' 'पाणी भसाभस निघून गेलं.' माझंच अक्षर.

अर्धा तास तसाच टायरवर बसून होतो. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

१७ एप्रिल, गुरुवार

पिंपं घेऊन गेलो. धोंडाबाईच्या नजरेला नजर देता आली नाही. 'पानीवाले दादा' ऐकलं तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं.

मी कसा बांध ओळखला नाही? ओळखता आलाच असता. हाताने ठासलेला चिखल होता तो, घरटी एका माणसाचा. मी बघितलंच नाही, कारण मला पार जायचं होतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

धम्मपालला सांगितलं. तो आधी हसला, मग जवळ सरकून म्हणाला, "दादा, कोनी बघितलंय? तेरा दिवस तोंड बंद ठेव. ठराव होऊ दे. मंग नोव्हेंबरात आपण गुपचूप नवा बांध घालू, याच्यापेक्षा मोठा. वाडीचं पण भलं, आपलं पण."

खोटं कशाला लिहू, मला ते पटलं. सबंध दुपार पटलेलं होतं. अकरा जणांनी तीन महिने घाम गाळलाय. त्याच्या भुवया अजून उगवल्या नाहीत. माझ्या एकट्याच्या चुकीपायी सगळ्यांची वाट बंद करायची?

पल्लवीला विचारलं. तिने चपात्या लाटता लाटता एवढंच विचारलं, "त्या खात्याच्या वहीत बाराला काय लिहिलंयस?"

"निरंक."

"मग पुसायचं का नाही, तुझं तू बघ."

चिडलो. म्हटलं, तुला काय जातंय बोलायला! ती लाटतच राहिली.

२० एप्रिल, रविवार

गॅरेजमध्ये मंडळाची बैठक घेतली आणि सगळ्यांसमोर ही डायरी वाचली, पहिलं पान. 'सगळ्यात पुढे रेडा' इथवर आलो आणि डायरी मिटली. म्हटलं, मी सांगणार आहे. अध्यक्षपद पाहिजे तर आत्ता घ्या.

 धम्मपाल म्हणाला, "दगड तू काढलेस, पण पार आपण अकराही गेलो. शिट्ट्या मी मारल्या." बास, एवढंच. पण मला जवळजवळ रडू आलं. माझा सचिव आहे तो, उगाच नाही.

खात्याच्या वहीतलं 'निरंक' खोडलं आणि दीड पान लिहिलं.

१ मे, गुरुवार

ग्रामसभा. समाजमंदिराच्या ओट्यावर अख्खी वाडी. मॅडम, महिपत, आणि आम्ही अकरा, टोप्या हातात घेऊन. मॅडमनी आमच्या कामाचं सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या. ठराव मंजूरच होता म्हणा ना. तेवढ्यात मी उठलो.

"आधी माझं ऐका. बांध मी फोडला."

वहीतलं दीड पान वाचलं.   मागून एक म्हातारा शिवी हासडून उठला, "आनि दीड महिना आमाला पानी पाजून उपकार करतोय व्हय रे!" बरोबरच होतं त्याचं.

धोंडाबाईने त्याला बसवलं. मग मला म्हणाली, "ठावं होतं मला."

"काय?"

"तुज्या गाडीच्या मागल्या डाव्या चाकाचा दात तुटलाय. त्योच माग ओहळाच्या चिखलात होता. फेब्रुवारीतच बोट फिरवून बघितला नाय का मी? तू मला गाडी शिकवत बसलास."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग बोलली का नाय मावशी?"

"बोलले असते तं तू दंड भरला असतास नि सुटला असतास. मंग जाळरेषा कोनी झाडली असती? पानी कोनी वाहिलं असतं, तुज्या बापाने?"

अख्खी वाडी हसायला लागली. महिपत तोंड फिरवून हसत होता, म्हणजे त्यालाही माहीत होतं. मॅडम वहीत बघत होत्या, पण खांदे हलत होते. माझं पार नाक कापलं गेलं, आणि काय सांगू, मीही हसलो.

ठराव झाला तो असा. यंदा वाट बंद. पाऊस येईपर्यंत पाण्याच्या खेपा चालू. दिवाळीनंतर गावकीच्या बांधाला मंडळाने अकरा माणसं द्यायची, घरटी माणसासारखी. बांध वाडीला पसंत पडला तर वाट खुली, ओहळाला वळसा घालून, अडीच किलोमीटर जास्त. आणि वाटेवर आडबार बसवायचा, त्याची किल्ली धोंडाबाईकडे.

'किल्ली खात्याकडे नको का?' असं मी मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "त्यांना तुमची गाडी ओळखता येते."

९ नोव्हेंबर, रविवार

बांध घातला. दगड तेच, काठावरून परत आणलेले. मला वाटायचं दगड रचणं म्हणजे काय मोठं. माझी रांग धोंडाबाईने दोनदा पायाने पाडली. तिसऱ्यांदा म्हणाली, "ऱ्हाऊ दे." गॅरेजच्या धंद्यात इतकी मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही. चिखल हाताने ठासला, पाला पल्लवीने आणि मुलीने दिला. तासाभरात मागे पाणी चढायला लागलं. अकरा जण काठावर उभे राहून नुसते बघत होतो.

१४ डिसेंबर, रविवार

पहिली फेरी. खिशात खात्याचं पत्र, सही-शिक्क्याचं. सकाळी सातला अकरा गाड्या आडबारापाशी. बार बंद. धोंडाबाई खाली पाण्यावर. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. इंजिनं बंद करायला लावली. पाऊण तास थांबलो. कुणीही हॉर्न मारला नाही, हे मी खात्याच्या वहीत मुद्दाम लिहिलंय.

त्यात रेड्याने नेहमीप्रमाणे पाणी खाल्लेलं. आज माझा कॅन घरीच राहिला. खाली ओहळात पाणी काठोकाठ दिसत होतं, पण उतरायचा धीर होईना. धम्मपाल म्हणाला, "माझा रिकामा कॅन घे, भर की." म्हटलं, नको, शहापुरातून आणू.

तेवढ्यात ती हंडा डोक्यावर घेऊन वर आली. बोनेट उघडं बघितलं, माझं तोंड बघितलं. हंडा उतरवला आणि हाताने खूण केली, झाकण काढ. इंजिन निवलं होतं, काढलं. तिने हंडा कलता करून धार सोडली, थेंब न सांडता, भरेपर्यंत. मग माझे हात ग्रीसने काळे झालेले बघून म्हणाली, "धर."

मी ओंजळ धरली.

"प्यायला नाय रे, हात धुवायला," ती म्हणाली. मग माझी ओंजळ बघितली. "बरं पी, पी. पानी हाय आता."

प्यायलो. आईला आज हे सांगायचंय.

मग तिने आडबार उघडला. रेडा पहिल्या झटक्यात चालू झाला आणि आम्ही वळशाच्या वाटेने निघालो.